इस्त्रीच्या बाटलीतलं तीर्थ

“अगं, दुधाचं पातेलं आहे ते!”

आई मागच्या परड्याच्या दारात येऊन ओरडली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत जवसाच्या चिकानं बुळबुळीत झाले होते. उकळलेलं जवस मी तिच्याच अस्तराच्या कापडात बांधून पिळत होते आणि ते गाठोडं सारखं हातातून सटकत होतं. अस्तराचं कापड तिनं अजून ओळखलं नव्हतं. ओळखलं असतं तर माझी धडगत नव्हती. आई ब्लाउज शिवायची आणि तिच्या कापडाला, इस्त्रीला आणि कात्रीला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला पहिला कायदा होता. त्यातही कात्रीला तर अजिबातच नाही.

“धुऊन देते गं,” मी म्हटलं.

“आणि मी त्यात परत दूध तापवू? तुझ्या डोक्याचं औषध शिजवलंयस त्यात.”

“औषध नाही, फवारा आहे. केसांवर मारायचा.”

“कुठले केस?” आई म्हणाली. “ते केस आहेत होय?”

आता केसांचं सांगायलाच हवं. पुण्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका मैत्रिणीनं क्रोशाच्या सुईनं माझ्या सगळ्या केसांच्या लडी विणून दिल्या होत्या. ड्रेडलॉक्स. मला वेड लागल्यासारखं आवडलं होतं ते. आरशासमोर मान हलवली की सगळ्या लडी एकदम डोलायच्या आणि मी एकटीच हसत सुटायचे. परीक्षा संपवून मे महिन्यात गडहिंग्लजला आले ती त्याच डोक्यानं. रिक्षातून उतरले आणि समोरच्या पाटीलकाकू दारातला सडा अर्धा टाकून उभ्या राहिल्या. मला वाटलं, हसणार. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि मला हात जोडले.

त्यांना वाटलं, मला जट आली. देवीची.

दुसऱ्या दिवशी त्या हळदीकुंकू घेऊन आल्या आणि माझी ओटी भरून गेल्या. मग त्यांची जाऊ आली. मग खालच्या आळीतल्या दोघी आल्या, ज्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात नारळांची रांग लागली. आई ज्याला त्याला सांगत सुटली, “फॅशन आहे ओ, पुण्याची!” त्यावर बायका गालावर मारून घेत आणि म्हणत, “तसं म्हणू नये, ताई.” ज्या गावच्या नदीचंच नाव हिरण्यकेशी, तिथं केसांवरून एवढा गोंधळ व्हावा याची मला भारी मजा वाटत होती. आईला वाटत नव्हती. माझ्या फॅशनची तिला नुसती लाज वाटायची, पण त्या नारळांची भीती वाटायची. “आज ओटी भरतायत,” ती बाबांना म्हणाली, “उद्या पोरीला देवीची म्हणून सोडायला सांगतील.” बाबा पेपरामागून हसले, पण आई हसली नाही.

तर असं सगळं चाललेलं, त्यात उन्हाळा असा कडक, की माझ्या लॉक्सचा पार काथ्या झाला. टोकं तुटायला लागली. आईकडे केसांच्या कुठल्याही दुखण्यावर एकच उपाय, तेल. पण लॉक्सवर तेल थापलं की ते आत जाऊन बसतं, धूळ धरतं आणि कुजका वास मारायला लागतं. त्यांना तेल नको असतं, पाणी हवं असतं, अगदी थोडं थोडं आणि रोज. म्हणून मी घरीच फवारा करायचं ठरवलं होतं आणि म्हणून दुधाचं पातेलं.

“काय शिजवालीस गं, शलाका?”

भिंतीपलीकडून हौसाक्काचा आवाज आला. आमच्या आणि तिच्या परड्यामधली भिंत कमरेएवढीच होती. हौसाक्का म्हणजे पन्नाशीची, धिप्पाड, मोठ्यानं हसणारी बाई. तिच्या डोक्यावर पदराखाली खरोखरीच्या जटेचं वेटोळं असायचं, माझ्यासारखं विणून घेतलेलं नव्हे. मला कळायला लागल्यापासून ते तिथंच होतं. मंगळवारी-शुक्रवारी बायका तिच्या पाया पडायला यायच्या. एरवी फारसं कुणी तिच्या जवळ बसत नसे, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“केसांना मारायचं पाणी करतेय, हौसाक्का.”

“त्यानं काय हुतंय?”

“मऊ होतात. तुटत नाहीत. खाज थांबते.”

“खाज थांबती?”

ती भिंतीला येऊन टेकली. घरात तिची मुलगी राजश्री बाळंतपणाला आली होती. पहिली मुलगी झाली होती तिला. आतून बाळाच्या रडण्याचा बारीक आवाज आला. हौसाक्कानं मान वळवली, पण पाय हलवला नाही.

“अगं, बाळ रडतंय,” मी म्हटलं. “जा की, घे.”

“राजी घेईल.”

“तू का नाही?”

तिनं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “मी अजून घेतलंच न्हाई तिला.”

आई दारातून दोन पावलं पुढं आली. तिलाही हे नवीन होतं. सकाळपासून रात्रीपर्यंत हौसाक्का राबताना दिसायची. शेगडी पेटवून दे, डिंकाचे लाडू वळ, दुपटी धू. कुणाला वाटलंच नव्हतं की एवढं करणाऱ्या आजीनं नातीला उचललेलं नसेल.

“पैल्या दिशी घ्यायला वाकले,” ती म्हणाली, “तर जट सुटून खाली आली. नुसता काथ्या. बाळाच्या गालावर ओरखडा उठला. आणि वास येतोय, वैनी. तुमी कधी बोलला न्हाईसा, पर येतोय. विहीणबाई पाचवीला आल्त्या, म्हणाल्या, आक्का, बाळाला जरा लांबच ठेवा.”

“आणि तू ऐकलंस?” मी म्हटलं.

“खरंच हाय की ते. मला सवताला वास येतोय.” ती हसायला गेली, पण जमलं नाही. “आयतवारी बारसं हाय. पाळण्याखालनं बाळ देत्यात न्हवं, एकीनं द्यायचं, दुसरीनं घ्यायचं? मला घ्यायचंय. राजीनं द्यायचं आणि मी घ्यायचं. एवढंच. तुझं ते पाणी मला दे की गं.”

“पण तुला जट धुतलेली चालत नाही ना?”

“धुवायची न्हाई. सासूबाईंनी बजावल्यालं.” तिनं जरा विचार केला. “पर शिंपडणं म्हंजे धुणं न्हवं. देवळात न्हाई व्हय पाणी शिंपडत?”

मला ते इतकं पटलं की मी जवसाच्या हातांनीच टाळी वाजवली. माझ्या फवाऱ्याला पहिलं माणूस मिळालं होतं आणि बारसं चार दिवसांवर आलं होतं. मी कधी एवढ्या उत्साहात अभ्याससुद्धा केला नव्हता.

जवसाचा फवारा मी आधी स्वतःवर मारून पाहिला. तासाभरात वाळला आणि माझ्या डोक्यावर पांढरी पापडी धरली. हात फिरवला की कोंडा पडावा तशी पापडी पडायची. लॉक्समध्ये चिकट काही गेलं की ते निघत नाही, हे मला तेव्हा कळलं. तासभर नळाखाली डोकं धरून बसले. मग म्हटलं, घरात एवढे नारळ आहेत, नारळपाणी घालू. ते छान मऊ वाटलं. मी खुशीत दुपारी जरा पडले आणि जागी झाले ती मुंग्यांनी. उशीवर मुंग्या, मानेवर मुंग्या, लडीलडीतून मुंग्यांची ये-जा. माझी किंकाळी ऐकून आई मशीन थांबवून आली, बघितलं आणि पहिल्यांदाच त्या आठवड्यात खळखळून हसली.

“देवीला गोड आवडतं गं,” ती म्हणाली.

तिसऱ्या खेपेला मी सगळं पातळ करायचं ठरवलं. परड्यातली कोरफड कापून तिचा पिवळा चीक गळून जाऊ दिला, गर काढला, पाण्यात फेटला आणि पुन्हा पुन्हा गाळला, इतका की शेवटी नुसतं पाणीच दिसायला लागलं. त्यात जास्वंदीची पानं चुरगळून, त्याचंही पाणी गाळून. गुलाबपाणी. आणि खोबरेल अगदी चार थेंब, नावाला. हे सगळं भरायला फवाऱ्याची बाटली लागणार होती आणि घरात तशी एकच बाटली होती, आई इस्त्री करताना ब्लाउजवर पाणी मारायची ती. मी ती गुपचूप उचलली, भरली आणि फ्रीजमध्ये ठेवली.

दहा मिनिटांत बोंब झाली.

“माझी इस्त्रीची बाटली फ्रीजमध्ये कुणी ठेवली? आणि हिरवं काय आहे हे आत?”

“हौसाक्काचं आहे,” मी म्हटलं.

आईनं झाकण उघडून वास घेतला. मी कानाला हात लावून तयार होते. ती आत गेली आणि पाण्याच्या माठात टाकायला आणून ठेवलेली वाळ्याची जुडी घेऊन आली.

“वास घालवायचाय ना तिचा? मग गुलाबपाण्यानं काय होणार. हे उकळ,” ती म्हणाली. “दुधाच्या पातेल्यातच उकळ आता. ते गेलंच आहे.”

वाळ्याचं पाणी निवून बाटलीत पडलं आणि सगळ्या स्वयंपाकघराला माठातल्या गार पाण्याचा वास सुटला. आई आणि मी, दोघी आळीपाळीनं बाटली नाकाशी धरत होतो. तिनं एकदा माझ्या लडीवरही एक फवारा मारून पाहिला. मारल्यावर ती लडी बोटांत धरून तिनं जरा दाबली. मग तिला आठवलं की आपण रागावलेलो आहोत, आणि ती मशीनवर जाऊन बसली.

हौसाक्काला मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबवलं. पुरळ उठलं तर काय घ्या. ती दर तासाला भिंतीपलीकडून हात उंच करून दाखवायची, “न्हाई उठलं! बघ, न्हाई उठलं!” शुक्रवारी सकाळी पाया पडणाऱ्या बायका गेल्यावर ती आमच्या परड्यात येऊन पाटावर बसली आणि तिनं वेटोळं सोडलं.

मी पहिल्यांदाच पाहत होते ती जट पूर्ण सोडलेली. एकच एक, मनगटाएवढी जाड, कमरेखाली येणारी. वर हळदकुंकवाचे थर वाळून बसले होते. हात लावला तर खरोखर काथ्याचा दोर. मी बाटली हलवली आणि मुळापाशी पहिला फवारा मारला. हौसाक्काचं अंग शहारलं.

“दुखलं?”

“गार,” ती म्हणाली. “आत जातंय गं. मुळाशी जातंय. मार. आणि मार.”

मी मारत गेले, वरून खाली, थोडं थोडं, चिंब न करता, आणि बोटांनी दाबत गेले. मग उन्हात वाळू द्यायचं, खडखडीत नाही, पण आत ओल राहता कामा नये, नाहीतर वास जायच्या ऐवजी दुप्पट होतो. वाळत असताना आम्ही दोघी ओळीनं उन्हाला पाठ करून बसलो होतो, आपापल्या जटा सोडून. आई खिडकीतून बघत होती.

“तुला कुणी सांगितलं ठेवायला?” हौसाक्कानं विचारलं.

“कुणी नाही. मला आवडलं.”

“आणि उद्या नको वाटलं तर?”

“कापून टाकीन.”

“कोण कोपत न्हाई?”

“आई कोपते. पण ती ठेवल्यावरच कोपलीय, कापल्यावर खूश होईल.”

हौसाक्का इतकी हसली की पाट हलला. मग माझ्या लडीकडं बघत राहिली.

दुपारी पुन्हा फवारा. संध्याकाळी पुन्हा. जट हळूहळू सैल व्हायला लागली. हळदीच्या खपल्या सुटून आल्या, शेवंतीच्या वाळून काळ्या झालेल्या पाकळ्या आल्या, एक दोऱ्याचा तुकडा. शनिवारी सकाळी मी मधला भाग दाबत होते तर बोटाला काही कडक लागलं. हलक्या हातानं फवारा मारून, जरा जरा मोकळं करून काढलं तर एक प्लास्टिकची किलिप, लहान मुलींची, फुलपाखराच्या आकाराची. रंग गुलाबी असावा एके काळी.

“हे काय गं अडकलंय?”

हौसाक्कानं तळहात पुढं केला. मी किलिप त्यावर ठेवली. तिनं बघितलं, मूठ मिटली आणि किलिप कनवटीला खोचली.  “मार, अजून मार,” ती म्हणाली.

दुपारपर्यंत ती बाईच बदलली. जट हातात घेतली तर वाकत होती, दबत होती. खाज गेली होती. आणि वास यायचा तो वाळ्याचा. हौसाक्का उगीचच दुकानात गेली, उगीचच नळावर गेली, पदर जरा मागं ठेवून. मी भिंतीवर बसून बघत होते आणि मला नाचावंसं वाटत होतं. हौसाक्का उद्या नातीला घेणार, म्हणजे घेणारच. मी पुण्याला फोन करून त्या क्रोशाच्या सुईवाल्या मैत्रिणीला सगळं सांगितलं, तिला काही समजलं नाही, तरी सांगितलं.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नव्हती. जटेला अचानक सुगंध सुटला, तर आमची गल्ली काय समजेल?

संध्याकाळी मी बाजारातून आले तर हौसाक्काच्या दारात बायकांची ही रांग. पुढं पाटीलकाकू. हौसाक्का ओसरीवर मधोमध बसवलेली, गळ्यात कुणी घातलेला हार, आणि तिच्या शेजारी मी तिच्याकडंच ठेवलेली आईची इस्त्रीची बाटली. हौसाक्का काहीतरी सांगत होती, “आवो, ते शलाकाचं...” पण ऐकतंय कोण. पाटीलकाकूंनी उजवा हात वाटीसारखा पुढं केला, बाटलीचा खटका दाबला, तळहातावर पाणी घेतलं, ओठाला लावलं आणि उरलेलं डोक्यावरून फिरवलं.

“काकू!” मी ओरडले. “पिऊ नका, कोरफड आहे ती!”

पाटीलकाकूंनी तोंड कडू केलं, डोळे मिटले. “कडक हाय,” त्या म्हणाल्या. “देवी कडक हाय.”

मागच्या बाईनं हात पुढं केला. मी बाटली हिसकावायला गेले तर तीच बाई माझ्या पाया पडली. दोन जटांच्या हातचं पाणी, असं कुणीतरी म्हणालं, आणि रांगेतल्या सगळ्यांना ते एकदम पटलं. मी कोरफड, जास्वंद, वाळा, सगळं ओरडून सांगितलं. त्या माना डोलवत होत्या. जे जे मी सांगत होते ते सगळं त्यांना तीर्थात शोभेलसंच होतं. बाटली रिकामी होईस्तोवर रांग हलली नाही. कोरफड पोटात गेली की काय होतं ते गल्लीला रविवारी पहाटे समजलं आणि त्याचंही श्रेय देवीलाच गेलं.

मला हसू आवरत नव्हतं. आमच्या दारात आई उभी होती, ती हसत नव्हती.

“शलू,” ती म्हणाली, “आता तिला कोण आजी म्हणेल?”

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. रात्रभर माझ्या डोक्यात बारसंच होतं.

रविवारी सकाळी मी नवा फवारा केला आणि हौसाक्काची जट शेवटची ओलसर करून, वाळवून, सैल वेटोळ्यात बांधून दिली. ती हिरवं लुगडं नेसली होती. पाळणा फुलांनी सजला होता. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पाळण्याच्या एका बाजूला राजश्री बाळाला घेऊन उभी राहिली आणि दुसऱ्या बाजूला हौसाक्का. तिनं दोन्ही हात आधीच पुढं केले होते, अजून कुणी काही म्हटलंही नव्हतं.  

तेवढ्यात संकेश्वरहून विहीणबाई आल्या. काठपदराची साडी, हातात बाळलेण्यांचा डबा. पाचवीला “बाळाला लांब ठेवा” म्हणाल्या होत्या त्या ह्याच. त्या आत आल्या, डबा खाली ठेवला आणि थेट हौसाक्कासमोर वाकल्या.

“चुकलं माझं, आक्का,” त्या म्हणाल्या. “स्टँडवरच ऐकलं सगळं. जटेला सुवास सुटला म्हणं. मी काय बोलून बसले.”

“आवो, उठा, उठा,” हौसाक्का म्हणाली, पण तिचे हात तसेच पुढं होते, बाळाकडं.

विहीणबाई उठल्या. त्यांनी राजश्रीच्या हातातून बाळ घेतलं. मला वाटलं, आता त्या देणार. स्वतःच्या हातानं देणार. मी आईचा दंड घट्ट धरला. विहीणबाई पुन्हा वाकल्या आणि त्यांनी बाळाला दुपट्यासकट हौसाक्काच्या पायांवर ठेवलं.

“आशीर्वाद द्या नातीला,” त्या म्हणाल्या. “देवीच्या पायावरच घातली.”

बायकांनी हात जोडले. पाटीलकाकूंनी डोळे पुसले. कुणीतरी राजश्रीलाही खाली वाकायला सांगितलं आणि ती गोंधळून वाकायला लागली. हौसाक्काचे दोन्ही हात तसेच हवेत राहिले होते, रिकामे. ती खाली बघत होती, पायांवरच्या नातीकडं.  चार दिवस मी जे केलं होतं त्यानं ती बाई बाळापासून आणखी एक पायरी वर जाऊन बसली होती.

“राजे, उठ,” हौसाक्का म्हणाली.

तिनं कनवटीत हात घातला, काहीतरी काढलं आणि राजश्रीपुढं धरलं. “ही वळकतीस?”

राजश्रीनं ते हातात घेऊन पाहिलं. “किलिप... माझी आहे ही. फुलपाखराची. दुसरीत असताना हरवली होती.”

“हरवली न्हवती. हितं हुती.” हौसाक्कानं डोक्याला हात लावला.  “मला टायफाइड झालता, महिना-दीड महिना हातरुणात. तू शाळंतनं आलीस की माझ्या उशाला बसायचीस, माझी येणी घालायचीस आणि ही लावायचीस. मी उठले तवा केस समदं गुतलं हुतं. सासूबाई म्हणाल्या, जट आली, हात लावू नका. मी म्हणले, आत्याबाई, आत राजीची किलिप हाय, ती तरी काढू द्या. म्हणाल्या, असू दे, आता ते देवीचं.” तिनं राजश्रीच्या हातातल्या किलिपीकडं पाहिलं. “मला ठावं हुतं. पर समद्यांनी इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की मीच इसरून गेले.”

“आक्का, असं बोलू नये,” पाटीलकाकू हळूच म्हणाल्या.

“काल तुमी जे प्यालासा ते शलाकाच्या डोक्याचं पाणी हुतं, काकू. तिची आई इस्त्री करत्या त्या बाटलीतलं.” हौसाक्का खाली वाकली. “आणि हे बाळ पायावर घालायचं न्हाई. माझं हाय ते, मला मांडीवर पायजे.”

तिनं नातीला उचललं. स्वतःच उचललं, कुणी दिलं नाही. उचलताना तिचं वेटोळं सुटलं आणि जट खांद्यावरून पुढं आली, सरळ बाळाच्या अंगावर. विहीणबाई “आई गं” म्हणाल्या.  बाळ रडलं नाही. ओरखडाही उठला नाही. त्या इवल्याशा पोरीनं हात वर केला आणि जिला इतक्या वर्षांत माझ्याखेरीज कुणी हळदकुंकवाशिवाय बोट लावलं नव्हतं ती जट मुठीत धरून खसकन ओढली.

“आवो, सोडवा, सोडवा!” बायका ओरडल्या.

“ओढ,” हौसाक्का म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, तिचं ते मोठं, भिंतीपलीकडं ऐकू येणारं हसू. “ओढ गं माझे बाई.”

बाळानं काही मूठ सोडली नाही. नाव ठेवायला बाळाची आत्या पुढं येऊन थांबली होती. राजश्रीनं बोटं उकलायचा प्रयत्न केला, पण पोरगी जटेला अशी चिकटली होती की उकलेना. मी पुढं झाले.

“थांब, मी फवारा मारते, निसटेल.”

“नगं,” हौसाक्का म्हणाली. तिनं नातीच्या मुठीकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्या आईकडं. “वैनी, तुमची कात्री आणा. पोरगी काय सोडंना झालीया. मग मीच सोडते.”

आई धावत गेली. तिला धावताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. परत आली ती धापा टाकत, आणि ज्या कात्रीला मी लहानपणापासून हात लावलेला नव्हता, ती तिनं माझ्या हातात दिली.